अठ्ठाविसावं पत्र

मी पेढे घेऊन गेले होते. कंदी पेढे, अर्धा किलो. चौदा वर्षं ज्याच्या नावाने बोटं मोडली त्याचं नाव आज अधिकृतपणे कागदावर येणार, तर तोंड गोड नको करायला? माझा स्वभावच असा आहे. राग आला की मी तो लोणच्यासारखा मुरवत ठेवते.

पुण्याच्या त्या केंद्रात रेश्मा मुजावर बसते. यंत्र ती चालवते. पेढ्याचा पुडा बघून म्हणाली, "बाई, निकालाआधी पेढे? ऑपरेशनला जाताना कुणी हार नेतं का?"

"निकाल मला माहितेय गं. मला फक्त शिक्का हवाय."

"मग दोन घेते," म्हणाली, आणि खरंच दोन घेतले.

आता हे यंत्र काय आहे ते आधी सांगते. माझा धंदाच गुपितांचा. मी सांकेतिक लिप्यांचा इतिहास शिकवते: कुणी काय लपवलं, कसं लपवलं आणि कुणी ते कसं फोडलं. त्यामुळे सोपं करून सांगायची सवय आहे.

दोन मोठ्या मूळ संख्या घ्या आणि त्यांचा गुणाकार करा. पोरखेळ आहे, साधं मशीन क्षणात करतं. आता उलटं करा. गुणाकार हातात आहे, त्यातून त्या दोन संख्या शोधा. संख्या काही शे अंकी असतील तर जगातले सगळे जुने संगणक जुंपले तरी जन्म पुरायचे नाहीत. गुणाकार करायला सोपा, उलगडायला अशक्य, एवढ्यावरच आपली सगळी डिजिटल कुलुपं उभी होती. बँका, मेल, गुप्त तक्रारी, सगळी.

क्वांटम यंत्र एकेक किल्ली लावून बघतच नाही. त्या गुणाकारात एक ताल लपलेला असतो, ठरावीक पावलांनी परत येणारा. यंत्र तो ताल पकडतं. त्याच्या पोटात असंख्य शक्यता लाटांसारख्या एकमेकींवर येतात, चुकीच्या एकमेकींना खोडतात आणि ताल तेवढा उरतो. ताल सापडला की संख्या सापडल्या, संख्या सापडल्या की कुलूप उघडलं. एका फाइलीला साधारण चाळीस मिनिटं लागतात.

बेचाळीस साली हे यंत्र चालू झालं आणि वर्षभरात देशाची झोप उडाली. कारण जुनी कुलूपबंद गुपितं लोकांनी जपून ठेवली होती! आज फुटत नाही ना, ठेवा, उद्या फोडू. दोन मंत्री घरी गेले. माझ्या सख्ख्या मावशीला तिच्याविरुद्धची निनावी पत्रं तिच्याच भिशीतल्या मैत्रिणीची निघाली. शेवटी सरकारने नियम केला. निनावी तक्रार बारा वर्षांहून जुनी असेल, तर तिच्यात ज्याच्यावर आरोप आहे त्याला किंवा त्याच्या वारसाला ती समक्ष उघडून बघता येईल. नंतर ती जाहीर करायची की नव्या, न फुटणाऱ्या कुलपात परत घालायची, ते त्याने ठरवायचं.

मी वारस होते, प्रा. दिगंबर पोंक्षे यांची. सरांना मूल नव्हतं, कागदपत्रं त्यांनी माझ्या नावे केली होती. मला ते "ढमढेरे बाई" म्हणायचे, मी सत्तावीस वर्षांची पोरगी असतानाही. माणूस इतका सरळ, की रिक्षावाल्याने सुट्टे जास्त दिले तर मागे धावायचे.

आणि अशा माणसाविरुद्ध एकोणतीस साली विद्यापीठाच्या पोर्टलवर निनावी तक्रार आली. पोंक्षे यांनी जांभळगडाच्या जुन्या सांकेतिक पत्रांचं वाचन खोटं रचलं, म्हणे! सरांनी पहिल्याच दिवशी समितीपुढे मान खाली घातली आणि म्हणाले, "खरं आहे." तक्रारीला जोडलेला कुलूपबंद पुरावासुद्धा कुणी उघडून पाहिला नाही. सरांना काढून टाकलं, ग्रंथालयात यायलाही बंदी घातली. तीन वर्षांत ते गेले. शेवटी शेवटी मी सूप घेऊन जायची, तर भिंतीकडे तोंड करून पडलेले असायचे. मी म्हणायची, "सर, तुम्ही कबूल का झालात? तुम्ही असं करणारच नाही." ते म्हणायचे, "सूप छान झालंय."

तक्रार कुणी केली हे मला ठाऊक होतं. विक्रांत सपकाळने.

विक्रांत माझ्याबरोबर सरांकडे संशोधन करत होता आणि आमचा साखरपुडा झाला होता. त्याचं गाव करवंदखोरे, जांभळगडाच्या पायथ्याचं. आणि त्या पत्रांतल्या अठ्ठाविसाव्या पत्रात निघालं होतं की साडेतीनशे वर्षांपूर्वी करवंदखोऱ्याच्या लोकांनीच फितूर होऊन गड शत्रूला दिला. सरांच्या पुस्तकात ते छापलं गेलं, टीव्हीवर गाजलं. गावाच्या पाटीला काळं फासलं. गडपूजेला पहिली मशाल लावायचा मान पिढ्यान्‌पिढ्या सपकाळांच्या घरात होता, तो दुसऱ्या गावाने काढून घेतला. गावाने सरांवर फौजदारी खटला घातला. त्याच आठवड्यात विक्रांत सरांशी कडाकडा भांडला आणि पंधरा दिवसांत तक्रार आली. आणखी काय पुरावा हवा होता?

अंगठी मी त्याच्या हातावर आदळली. वर एक वाक्यही बोलले. ते पुढे येईलच.

यंत्राचा दिवा हिरवा झाला. रेश्माने पडदा माझ्याकडे वळवला.

रकाना दोन. तक्रारदाराचे नाव : दिगंबर विनायक पोंक्षे.

"चुकलंय," मी म्हटलं. "हे ज्यांच्याविरुद्ध तक्रार आहे त्यांचं नाव आहे. रकाना सरकलाय तुझा."

"ते रकाना एकमध्ये आहे, बाई. हे बघा. दोन्हीकडे तेच आहे."

"मग यंत्र चुकलंय!"

"किल्ली चुकीची असती तर अक्षरं निघालीच नसती. नुसता कचरा निघाला असता. तुम्हीच शिकवता ना हे?"

"परत लाव."

परत चाळीस मिनिटं. मी त्या गार खोलीत येरझाऱ्या घातल्या. कुणीतरी सरांच्या नावाने लॉग-इन केलं असेल, विक्रांतला त्यांचा पासवर्ड माहीत असेल, असं काय काय मनात जुळवत होते. हिरवा दिवा लागला. तेच नाव, आणि खाली सरांच्या अंगठ्याचा ठसा, जुळलेला.

रेश्माने खुर्ची सरकवली, मी बसले.

"बाई, अजून एक रकाना आहे," ती हळूच म्हणाली. "नाव गुप्त ठेवण्याचे कारण. सक्तीचा होता, रिकामा सोडता यायचा नाही. त्यांनी बरंच लिहिलंय. वाचू का मी?"

"नको. मी वाचते."

सरांनी लिहिलं होतं :

"अठ्ठाविसाव्या पत्राचे वाचन माझ्या विद्यार्थिनीचे आहे. चूक प्रामाणिक आहे. ती मी तपासायला हवी होती, तपासली नाही. गेल्या महिन्यात माझी पत्नी सुधा गेली. नात्यातल्या म्हाताऱ्या माणसांना कार्डे लिहायला बसलो आणि हात आपोआप वरची जागा मोकळी सोडून खाली गेला. दुःखाच्या पत्रावर कोणी श्री घालत नाही. त्या क्षणी अठ्ठाविसावे पत्र डोळ्यांपुढे आले आणि मी रात्रंदिवस त्यावर बसलो. खरे वाचन सोबत जोडले आहे.

चूक म्हणून जाहीर केली तर खटल्यात वाचनाची वही मागतील. वही मुलीच्या अक्षरात आहे आणि पुढल्या महिन्यात तिची नेमणूक व्हायची आहे. लबाडी म्हटली तर ती माझ्या एकट्याची ठरते. माझे वाचन मीच खोटे ठरवल्यावर गावावरचा आरोपही जाईल असे वाटते. मी लगेच कबूल होईन, म्हणजे हा पुरावा उघडायची वेळ येणार नाही. पण कधी कोणी उघडलाच, तर त्याला हात जोडून विनंती. गावाला कळवा."

विद्यार्थिनी म्हणजे मी. अठ्ठाविसावं पत्र मी फोडलं होतं. पुस्तकावर नाव एकट्या सरांचं होतं; समितीने मला विचारलं नाही आणि मीही आपण होऊन बोलले नाही.

आता ते कसं फोडलं ते सांगायलाच हवं, नाहीतर माझा गुन्हा कळायचा नाही. सांकेतिक मजकूर फोडायचा तर एक शब्द असा हवा, जो तिथं असणारच याची खात्री आहे. आम्ही त्याला पाचर म्हणतो. ओंडक्याला एक पाचर बसली की तो आपोआप चिरत जातो. दुसऱ्या महायुद्धात रोज सकाळी हवामानाचा अंदाज त्याच त्या शब्दांनी धाडणाऱ्या शिस्तीच्या सैनिकांनी अशीच पाचर शत्रूच्या हातात दिली. शिस्त आणि सभ्यता, गुपितं यांनीच फुटतात.

जांभळगडाचा कारकून तसाच सभ्य होता. पत्रं आकड्यांत लिहायचा, दर पत्राला आकड्यांची चाल बदलायचा, पण सुरुवात कायम श्रीने. तीसुद्धा आकड्यात! म्हणजे पहिला आकडा श्रीचा धरायचा, की त्या पत्राची चाल सापडली. सत्तावीस पत्रं मी अशी धडाधड फोडली. सर म्हणाले, "ढमढेरे बाई, तुम्ही तर आम्हाला घरी बसवणार."

अठ्ठाविसावं पत्र एवढंसं होतं. तीन आकडे, मग करवंदखोरेकर हे नाव उघड्या मोडीत, मग अकरा आकडे. निम्मे किडीने खाल्लेले. मी पहिला आकडा श्रीचा धरला. अकरांपैकी पाच शाबूत होते. त्यातले तीन माझ्या चालीत बसले, दोन बसेनात. त्यांना मी कारकुनाची हातचूक म्हटलं आणि मधल्या भोकांत शब्द भरले. "यांणी फितून किल्ला दिधलासे." गड पडला हे इतिहासाला ठाऊकच होतं, मग कुणीतरी फितलंच असणार! केवढी हुशारी ती. सरांची शाबासकी मिळाली.

दुःखाच्या पत्रावर श्री नसतो हे मला ठाऊकच नव्हतं. कसं असणार? उभ्या आयुष्यात मी तसलं पत्र पाहिलेलं नाही. आमच्या पिढीला मरण फोनवर कळतं, खाली हात जोडल्याची चित्रं येतात. हजार वर्षांच्या लिप्या शिकले आणि घरातल्या पोस्टकार्डाची रीत मला माहीत नव्हती.

सरांचं वाचन पुढच्या पानावर होतं. त्यांनी श्री काढून टाकला होता, चाल नव्याने बसवली होती आणि शाबूत आकड्यांपैकी एकही सुटलेला नव्हता.

"समस्त करवंदखोरेकर ठार जाले. एकही न उरला."

मी ते तीनदा वाचलं. फितूर? गडावर लढायला गेलेले ते सगळे मेले होते. एकूणएक. त्यांच्या मरणाची चिठ्ठी मी फितुरीची चिठ्ठी म्हणून वाचली होती आणि सरांनी ती चूक झाकली म्हणून माझी नोकरी उभी होती, माझं पुस्तक उभं होतं, येत्या महिन्यात मिळणारं संचालकपद उभं होतं.

मला रडू यायला हवं होतं. आला तो संताप. "कुणी सांगितलं होतं तुम्हाला?" मी पडद्यावर ओरडले. "मला विचारलंत? मला वाचवलंत आणि सगळ्या गावाला टांगून ठेवलंत! लबाड म्हाताऱ्याच्या शब्दावर गावाचा आरोप जाईल म्हणे! गेला का?"

गेला नव्हताच. पुस्तक मागे घेतलं गेलं, पण लोक म्हणत राहिले, आग असल्याशिवाय धूर निघतो होय? मशालीचा मान परत मिळाला नाही. आणि खरी ओळ या पेटीत कुलूपबंद राहिली.

रेश्माने पेढ्यांचा पुडा बाजूला ठेवला. मग म्हणाली, "बाई, दोन बटणं आहेत. जाहीर, किंवा पुन्हा कुलूप. नवं कुलूप लावलं की हे यंत्रही उघडू शकायचं नाही. आणि मी इथलं बाहेर बोलत नाही. पाचपर्यंत वेळ आहे."

खोटं कशाला बोलू? माझं बोट कुलपाकडे गेलं होतं. मनात म्हटलं, सरांचीच इच्छा होती ना ही, मी वाचावं म्हणून? ते उभं आयुष्य देऊन बसले, ते वाया घालवू का? इतकं सोज्वळ कारण मला कधी सापडलं नव्हतं. पण शेवटचे दोन शब्द पडद्यावरून हलेनात. गावाला कळवा. सरांनी आयुष्यात माझ्याकडे दुसरं काही मागितलं नव्हतं.

विक्रांत आता त्याच खोऱ्यात हायस्कूलचा मुख्याध्यापक आहे. शाळेच्या पानावर नंबर होता. लावला.

"बोला."

"विक्रांत, मी शाल्मली. शाल्मली ढमढेरे."

मग त्याने विचारलं, "कोण गेलं?"

बरोबरच होतं त्याचं. दुसऱ्या कशासाठी मी त्याला फोन करणार होते?

"तुमच्या गावची माणसं," मी म्हटलं. "साडेतीनशे वर्षांपूर्वी. सगळी. मी चुकीचं वाचलं होतं."

आणि मग सगळं सांगितलं. श्री, सरांची तक्रार, वही, खरं वाचन. मधे थांबले असते तर परत सुरू करता आलं नसतं, म्हणून एका दमात सांगितलं.

तो म्हणाला, "तू अंगठी टाकलीस तेव्हा काय बोललीस, आठवतं?"

"आठवतं."

"म्हण."

"विक्रांत..."

"म्हण ना. चौदा वर्षं मी एकटाच ऐकतोय ते. आज तुझ्या तोंडून होऊन जाऊ दे."

रेश्मा समोर होती. तरी म्हटलं. "शेवटी गावावर गेलास. फितुरांचं रक्त कुठे जाणार."

"हां," तो म्हणाला. "आबांनी तेव्हापासून गडावर पाऊल टाकलं नाही. शेजारच्या गावची पोरं शाळेत आमच्या पोरांना गद्दार म्हणतात, मी मुख्याध्यापक असून. आणि तू सॉरी म्हणायला फोन केलास?"

"सॉरी पुरणार नाही, ठाऊक आहे मला. मी कळवायला फोन केलाय."

"मग मला काय कळवतेस? आबा बाहेर ओट्यावर बसलेत. त्यांना सांग. मी नाही सांगणार. तू सांग."

फोन हातातून हातात गेला. विक्रांतचे वडील, आबा, शहाऐंशीचे. मला ते लेकीसारखं वागवायचे, साखरपुड्यात स्वतः वाढलं होतं मला.

"कोन?"

"आबा, मी शाल्मली. जांभळगडाचं ते पत्र... मी चुकीचं वाचलं होतं. तुमची माणसं फितूर नव्हती. मी खरं वाचून दाखवते." आणि वाचलं. "समस्त करवंदखोरेकर ठार जाले. एकही न उरला."

"समदे?"

"सगळे, आबा."

"कुनीच माघारी न्हाई आलं?"

"कुणीच नाही."

मला वाटलं आता शिव्या देतील, द्यायलाच हव्या होत्या. पण ते म्हणाले, "पत्र कवा पोचलं म्हनायचं?"

"लिहिलं साडेतीनशे वर्षांपूर्वी, आबा."

"लिवलं कवा ते न्हाई इचारत. आमाला कवा पोचलं?"

"आज," मी म्हटलं. "आत्ता."

"मंग सुतकाची अंगूळ आज." त्यांचा आवाज फोनपासून लांब गेला. "विकू, बंब पेटवू नगंस. गार पानी काड. आन् वाडीत पोरं धाड. घरटी सांगा, आपली मान्सं गडावर पडली. समद्यांनी अंगूळ करा म्हनावं." मग परत फोनवर, माझ्याशी. "बाई, सांगावा आननाऱ्यानं बी करायची असती. इसरू नगा."

विक्रांतने फोन घेतला. मागे कुणीतरी कुणाला तरी हाका मारत होतं, दारं वाजत होती.

"छापणार आहेस का हे?" त्याने विचारलं.

"हो."

"तुझ्या नावासकट?"

"माझ्या नावासकट. वहीसुद्धा."

बादली विहिरीत आपटल्याचा आवाज आला, मग आणखी एक.

"ठेवतो," तो म्हणाला. "आबांना धरायला हवं. गार पाण्याने काकडतील."

मी 'जाहीर' दाबलं. यंत्राने विचारलं, नक्की? पुन्हा दाबलं. मग रेश्माला विचारलं की इथं अंघोळीची सोय कुठे आहे.